ठोकळ्यांच्या एकवीस पिशव्या

लातूरच्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस मी अकरा वर्षं सांभाळलं. माझ्याकडे तीन वह्या असत. पहिलीत मुलांची हजेरी, दुसरीत किल्ल्या आणि सामान, तिसरीत संशय. तिसरी वही ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसांत तिच्याशिवाय क्लास चालला नसता. आमच्या नोट्सची झेरॉक्स शेजारच्या क्लासमध्ये पोचायची. फिजिक्सचे सर शनिवारी आमच्याकडे शिकवायचे आणि सोमवारी समोरच्या इमारतीत दिसायचे. नांदेडहून आलेला पालक म्हणून जो माणूस तासभर चौकशी करून, दोन चहा पिऊन गेला, तो दुसऱ्याच क्लासचा मॅनेजर निघायचा. त्यामुळे नवा माणूस दारात आला की मी आधी त्याच्या चपला बघायची, मग हात, मग तोंड.

पुढे मुलं ज्यांना ठोकळेगुरुजी म्हणायला लागली, त्यांच्या चपला स्वच्छ होत्या, हात गवंड्यासारखे राठ होते आणि तोंड गप्प होतं. नाव पहिल्याच दिवशी तिसऱ्या वहीत गेलं. पुढे त्यांच्यावर मी पाच पानं खर्च केली. एवढी दुसऱ्या कुणावर केली नाहीत. आणि शेवटी त्यांना ठेवायचं की काढायचं, हे माझ्याच एका कागदावर येऊन थांबलं.

ते ऑटोतून आले, तीन लोखंडी पेट्या घेऊन. औश्याच्या पलीकडे, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर होते. भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. त्यांना दर रविवारी दहा ते बारा एक हॉल हवा होता. पाचवी ते सातवीच्या मुलांना प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे देऊन बांधकामाच्या पैजा लावायच्या, एवढंच त्यांना करायचं होतं. फी घेणार नव्हते, मानधन नको होतं.

मी विचारलं, "मग तुम्हाला काय पाहिजे?"

"हॉल," ते म्हणाले. "खालच्या मजल्यावरचा. दोन दारांचा."

माणूस फुकट काम करतो म्हटलं की माझी झोप उडते. पण आमच्या सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, ती कल्पना फार आवडली. समोरच्या क्लासने लहान मुलांसाठी कॉम्प्युटर आणले होते आणि आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. सरांनी दोन दिवसांत बोर्ड रंगवून घेतला. बोर्डावर 'शैक्षणिक बांधकाम आव्हाने' असं होतं. गुरुजींनी तो वाचला, मान हलवली आणि आत जाऊन मुलांना म्हणाले, "बसा. आजची पैज सांगतो."

पेट्यांत एकवीस कापडी पिशव्या होत्या. प्रत्येकीवर दोऱ्याने एक नाव शिवलेलं. अंबिका, बसवराज, शबाना, खंडू, शिवकांता. आमच्या बॅचमध्ये या नावांचं एकही मूल नव्हतं. ही माझ्या वहीतली दुसरी नोंद. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की नुसते नंबर घातले तर लेकरं हयगय करतेत, नाव असलं की जपतेत. उत्तर बरोबर होतं आणि मला ते पटलं नाही. मुलं जपायची हे मात्र खरं. जाताना प्रत्येकाने आपले ठोकळे मोजून, त्याच पिशवीत भरून, नाडी बांधून द्यायची. एक लाल ठोकळा शबानाच्या पिशवीतून खंडूच्या पिशवीत गेला म्हणून एका रविवारी बारा वाजून गेले तरी बॅच सुटली नव्हती. पालक फाटकात उभे, आणि गुरुजी गुडघ्यावर बसून एकेक पिशवी उलटी करताहेत.

पुढे मुलं एकमेकांना पिशवीच्या नावानेच हाका मारायला लागली. एक मुलगी घरी जाऊन सांगायची, मी तिथं शिवकांता आहे. तिच्या आईने मला फोन करून विचारलं की हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

त्यांचं शिकवणंही उलटं होतं. एका परातीत गोट्या पसरायच्या, त्यावर लाकडी पाट ठेवायचा आणि मुलांनी बांधलेलं घर त्या पाटावर मांडायचं. मग गुरुजी पाटाला हळूच धक्का द्यायचे. पाट गोट्यांवर गडगडत इकडून तिकडे जायचा आणि घरं कोसळायची. ज्याचं घर उभं राहिलं त्याच्याकडे ते बघतही नसत. पडलेल्या घरापाशी जाऊन विचारायचे, "पहिल्यांदा कुठला ठोकळा हलला?" ज्याला सांगता आलं त्याला गूळ-शेंगदाणे. ज्याचं उभं राहिलं त्याला काही नाही. लातुरात तेव्हा एका मार्कासाठी माणसं तालुका सोडून येत होती आणि इथे पडणाऱ्याला खाऊ मिळत होता. एका वडलांनी माझ्यापाशी रीतसर तक्रार केली की त्यांची मुलगी आता मुद्दाम कच्चं बांधते.

शिट्टी हा आणखी एक ताप. बांधणं रंगात आलं की गुरुजी अचानक शिट्टी मारायचे आणि सगळ्यांनी हातातलं टाकून पटांगणात पळायचं. चपला घालायला थांबलं तर तो बाद. मग बाराच्या सुमाराला चपलांचा ढीग घेऊन मीच निवडत बसायची. स्वतः गुरुजी कधी पंख्याखाली किंवा तुळईखाली बसले नाहीत. दोन तास उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. दार लोटलं की उठून परत उघडायचे. चहा तिथेच, बशीत ओतून.

क्लास सुटल्यावरही त्यांचा पाय सरळ स्टँडकडे वळत नसे. गावात कुठे नवी इमारत उभी राहत असली की तिथे जाऊन किल्लीने खांब वाजवून बघायचे आणि कान लावायचे. औसा रोडवर एका वॉचमनने त्यांना सळई चोरायला आलेला म्हणून धरलं आणि ओळख पटवायला मला फोन केला. मी गेले. गुरुजी खुर्चीवर शांत बसलेले. वॉचमन मला म्हणाला, "मॅडम, हा माणूस काय करून राहिला ते तरी सांगा." मलाच माहीत असतं तर सांगितलं असतं. मी फक्त सही केली आणि त्यांना घेऊन आले. वाटेत ते एवढंच बोलले, "तिसरा खांब पोकळ वाजतो." ते वाक्य मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांच्या सगळ्या पैजांमधली एक मी दारात उभी राहून पुरी बघितली. त्या दिवशी त्यांनी मुलांना जाड भिंतींची, सपाट छताची घरं बांधायला सांगितली. मग ओली माती घेऊन फिरायला लागले. प्रत्येक छतावर एक चमचा माती. "एक वरीस झालं. पाऊस आला. छत गळायलं. घाला अजून एक चमचा." असे बारा चमचे झाले. मग पाटाला धक्का. एकही घर राहिलं नाही. पुढच्या रांगेतली ती शिवकांताच्या पिशवीची मुलगी चिडली. म्हणाली, गुरुजी, नवी माती घालायच्या आधी जुनी खरवडून काढायची असं तुम्ही सांगितलंच नाही.

गुरुजी म्हणाले, "आमाला बी कुनी सांगितलं न्हाई."

मी लातूरजवळच्या मुरुडची. आमचं घर माळवदाचं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर वडील पांढरी माती आणून छतावर थापायचे, दरवर्षी नवा थर, जुन्यावरच. आम्ही बहिणी टोपल्या वर द्यायचो. गावात सगळे तसंच करायचे आणि ज्याचा थर जाड त्याचं घर थंड असं म्हणायचे. भूकंपात दगडी भिंती सुटल्या आणि ती वर्षानुवर्षांची माती माणसांवर आली. हे मला माहीत होतं. पण चमच्याने मोजून कुणी दाखवलं नव्हतं. मी ऑफिसात परत आले. त्या दिवशी तिसऱ्या वहीत काही लिहिलं नाही.

संशय मात्र कमी झाला नाही. उलट वाढायचं कारण मिळालं. बॅचचा बोलबाला झाला आणि सरांना चाळीस मुलं घ्यायची होती. मी गुरुजींना सुचवलं की एका पिशवीवर दोघं बसवू. ते म्हणाले, "बाई, लेकरं किती बी येऊ द्या, पिशव्या एकवीस हायत. एका पिशवीवर एकच लेकरू." सरांनी नवे ठोकळे विकत घेऊन देतो म्हटलं. तेही नको. म्हणून बाविसावी आलेली मुलगी परत गेली, आणि तिचे वडील दुखावले गेले.

ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. भूकंपानंतर वर्षभर मदतवाटपाच्या कामावर होते. मुलीला का घेत नाही हे विचारायला ते रविवारी आले, खिडकीतून आत बघितलं आणि सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"हे भूकंपाचं सामान हाय," ते म्हणाले. "असली खोकी मी माझ्या हातानं उतरवलीत. परदेशातून आलती, पडलेल्या गावांतल्या लेकरांसाठी. ह्या मास्तराकडं कशी?"

मला धक्का बसला नाही, उलट जरा बरंच वाटलं. एवढे दिवस मी जे शोधत होते ते सापडलं होतं. आमच्याकडे त्या काळात कुणाच्या घरी चांगलं ब्लँकेट दिसलं तरी लोक कोपरा उलटून मदतीचा शिक्का बघायचे. तंबू, पातेली, दुधाची पावडर, सगळं बाजारात विकलं गेलं होतं. त्यात हे आणखी एक.

कारकुनांनी आठ दिवसांत तक्रारीचा अर्ज लिहून आणला आणि वर पाठवण्याआधी त्याची प्रत सरांना दिली. अर्ज वर गेला असता तर दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. पिशव्या जप्त आणि गुरुजी निलंबित. त्यांच्या नोकरीचे चौदा महिने उरले होते. सरांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. म्हणाले, आपलं नाव कुठे यायला नको. सामान कुठून आलं त्याचा कागद मिळाला तर त्याची नक्कल करून कारकुनांना दाखवा, नाही मिळाला तर रविवारपासून बंद, आणि तसं लिहून द्या.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "कागद हाय. घरी हाय." पुढच्या रविवारी विसरलो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच म्हणाले नाहीत. मग मी एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीने औश्याला आणि तिथून जीपने त्यांच्या गावी गेले. न सांगता. सांगून गेलं तर माणूस कागद तयार करून ठेवतो.

गाव नवं होतं, वसवलेलं. रांगेत सारखी घरं, भिंतींवर नंबर. बहुतेक घरांपुढे पत्र्याचं एक शेड होतं. माणसं राहायची शेडात आणि पक्क्या घरात कडबा आणि ज्वारीची पोती. गुरुजींचं तसंच होतं. ते शेडात बाजेवर बसून पाटाला रंधा मारत होते. मला बघून उठले नाहीत, दचकले नाहीत. बायकोला म्हणाले, "क्लासच्या बाई आल्यात. ती पत्र्याची डबी आन."

डबीतला कागद म्हणजे वाटपाच्या यादीची कार्बन प्रत होती. वर शाळेचं नाव. खाली मुलांची नावं, पुढे मिळाल्याची सही. मी वाचायला सुरुवात केली. बहुतेक नावांपुढे आईबापांचे अंगठे होते. काही नावांपुढे मात्र एकच सही पुन्हा पुन्हा होती, गुरुजींची. मी मोजल्या. एकवीस.

"ह्या तुम्ही घेतल्या," मी म्हटलं.

"घेतल्या."

"दुसऱ्यांच्या नावावर?"

त्यांनी रंधा खाली ठेवला. मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी ते सलग लिहिते. भूकंपानंतर काही आठवड्यांनी मदतवाले आले आणि शाळेत मुलं किती, यादी द्या म्हणाले. हजेरीपट ढिगाऱ्याखाली होता. पण गुरुजींना पट तोंडपाठ होता, रोज सकाळी तेच म्हणत आलेले. त्यांनी कागद घेतला आणि एक नंबरपासून लिहीत सुटले. हात थांबला नाही. सगळी नावं लिहिली, गेलेल्या लेकरांचीही. वाटपाच्या दिवशी ठोकळ्यांचे पुडे मांडून नावं पुकारायला लागले तेव्हा तिसऱ्या नावाला कुणी उठलं नाही. सगळं गाव समोर बसलेलं. तरी ते पुढची नावं पुकारत राहिले, कारण मध्येच थांबता येईना. शेवटी पुडे उरले. मदतवाले म्हणाले, हरकत नाही, तेवढ्या नावांवर रेघ मारा आणि उरलेले परत द्या.

"पेन हातात दिलता," गुरुजी म्हणाले. "रेघ मारायची हुती नुसती. न्हाई जमलं. म्हणून सह्या केल्या. चोरी म्हना."

मी विचारलं की मग आठ वर्षं पेट्यांत का ठेवले. उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. पिशव्या तिने शिवल्या होत्या, नावंही तिचीच. गावात पिशवी उघडली की त्या नावाची आई उठून येते, ती म्हणाली, इथं कसं खेळवणार. उंदरं लागायली म्हणून मीच म्हणलं, लातूरला न्या, तिथं ही नावं कुणाला ठावं न्हाईत, लेकरांच्या हातात तरी जातेल.

मला वाटतं, दुसरी कुणी असती तर इथे वही मिटली असती. मी सवयीने नंबर तपासले. सही असलेल्या नावांपुढे पटाचे नंबर होते, तीन, सात, अकरा, असे वीस. पट बासष्टवर संपत होता. एकविसावं नाव त्याच्याखाली होतं आणि त्यापुढे नंबरच नव्हता. शिवकांता.

म्हणजे एक नाव पटावर नसताना घुसवलेलं होतं. मी बोट ठेवलं. गुरुजी शेडाबाहेर बघायला लागले. त्यांची बायको चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "ती आमची. पुढच्या वर्साला शाळेत बसवनार हुतो."

मी चहा प्यायले आणि यादीची नक्कल करून घेतली. नक्कल हुबेहूब केली, नंबर नव्हता तिथे जागा कोरी ठेवली. शब्द, नंबर, सह्या कुणाच्या हे सगळं ताडून बघितलं. निघताना गुरुजींनी फक्त एक विचारलं, "पिशव्या घेऊन जातेल का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं. परतीच्या जीपमध्ये मी हिशेब मांडत होते. वीस पिशव्यांसाठी मी कारकुनांशी भांडू शकले असते. मृतांच्या नावाने घेतल्या, पण त्या मुलांची नावं खरी होती, पटावर होती. एकविसावी पिशवी खोट्या नोंदीवर उचललेली होती. आणि एक नोंद खोटी निघाली की कचेरीत सगळी यादी खोटी होते. हे मला जितकं कळत होतं तितकंच कारकुनांना कळणार होतं. शिवाय एक किडा डोक्यात होताच. माणूस एकदा नाव घुसवतो तर आणखी कुठे घुसवलं असेल? मी विचारू शकले असते. विचारलं नाही. आजही मला ते नक्की सांगता येणार नाही.

सोमवारी अकरा वाजता कारकून आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि झालेली गोष्ट सांगितली, थोडक्यात. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि माझी नक्कल हातात घेतली. वाचणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. ते बोट नावांवरून नाही, नंबरांवरून खाली नेत होते. मध्ये एका नावापाशी थांबले आणि म्हणाले, हा अकरा नंबर, ह्याच्या बापाला मी तंबू दिलता. मग बोट पुन्हा चालायला लागलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"बाई, ह्याला नंबर न्हाई."

"बघू," मी म्हटलं. कागद घेतला, चष्मा लावला. "राहिला वाटतं नक्कल करताना." शाईचं पेन उघडलं, शिवकांताच्या नावापुढे त्रेसष्ट लिहिलं आणि कागद परत दिला.

त्यांनी तो खिडकीकडे धरला. बराच वेळ.

"सर तर म्हनत हुते, तुमच्या हातून कधी नंबर सुटत न्हाई म्हनून."

"सुटतो कधी कधी."

मी दुसऱ्या वहीत किल्ल्या तपासायला घेतल्या. मग त्यांनी टेबलावरचा आपला अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि माझी नक्कल उघडीच माझ्यापुढे सरकवली.

"मिटू नका लगेच," ते म्हणाले. "शाई ओली हाय."